हळद, ओवा आणि चाळीस दिवसांची कोंबडी

एक दिवसाचं ब्रॉयलर पिल्लू साधारण ४० ग्रॅमचं असतं. सहाव्या आठवड्यात तेच दोन किलोंच्या पुढं जातं, म्हणजे जन्मवजनाच्या पन्नास पट. या वाढीचं श्रेय आपण जातीला देतो, खाद्याला देतो, कंपनीला देतो. खाल्लेल्या मक्या-सोयाबीनचं मांस व्हायला जिथं सुरुवात होते, त्या आतड्याकडं मात्र क्वचितच कुणी बघतं. सोलापूर जिल्ह्यातल्या शेडवर ‘हर्बल’ म्हणून येणारी पुडी असो, की घरच्या घरी कांडून खाद्यात मिसळलेली हळद, लसूण, ओवा असो, तिचा जो काही गुण येतो तो बहुतेक या आतड्यातच येतो. म्हणून आधी आतडं पाहू, मग हळदीकडं वळू.

कोंबडीला दात नाहीत. चोचीनं उचललेलं खाद्य अन्नपिशवीत भिजतं, पुढच्या जठरात त्यावर आम्ल आणि पाचकरस पडतात, मग ते जाड स्नायूंच्या पेठ्यात दळलं जातं. चिकनच्या दुकानात कलेजीबरोबर मिळतो तोच हा पेठा. तिथून पुढं लहान आतडं. चोचीपासून विष्ठेपर्यंतचा सगळा प्रवास पाच-सहा तासांत उरकतो. म्हणजे पचवायला आणि शोषायला वेळ फार थोडा, आणि त्या थोड्या वेळात जास्तीत जास्त रस टिपून घ्यायचा असतो.

ही टिपून घेण्याची सोय आतड्याच्या अस्तरावर असते. तिथं रसांकुर नावाचे असंख्य सूक्ष्म उंचवटे असतात. सोलापूरकरांना हे समजवायला टर्किश टॉवेलच पुरे. त्या टॉवेलवर दोऱ्याचे फासे उभे असतात म्हणून तो साध्या पंचापेक्षा कितीतरी जास्त पाणी टिपतो. फासे उंच आणि दाट असले की टॉवेल चांगला. घासून घासून ते झडले की तोच टॉवेल नुसतं पाणी पसरवतो. पिल्लाच्या पहिल्या आठवड्यात हे रसांकुर झपाट्यानं उंच होतात, किंबहुना त्या दिवसांत आतडं बाकी शरीरापेक्षा वेगानं वाढतं. पुढं जंतूंचा उपद्रव, रक्ती हगवण, बुरशीचं विष, उन्हाचा तडाखा यांनी ते झडतात आणि शरीराला पुन्हा उभे करावे लागतात. या डागडुजीत खर्च होणारं खाद्य वजनात दिसत नाही. पक्षी खातो, मरतही नाही, फक्त वाढत नाही. एफसीआर बिघडला असं आपण म्हणतो तेव्हा बऱ्याचदा हेच झालेलं असतं. एक किलो वजन वाढायला किती किलो खाद्य लागलं, तो आकडा म्हणजे एफसीआर.

यावर जगानं जो पहिला उपाय शोधला तो वनस्पतींचा नव्हता. १९४८च्या सुमारास अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेत थॉमस जुक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टाड हे पिल्लांच्या खाद्यासाठी ब-१२ जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत शोधत होते. ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक तयार करताना उरणारा चोथा त्यांनी पिल्लांना घातला, तर पिल्लं अपेक्षेपेक्षा जास्त वाढली. जीवनसत्त्वानं व्हावी त्याहून ही वाढ जास्त होती. चोथ्यात राहिलेल्या प्रतिजैविकाचा तो परिणाम होता. तिथून जगभरच्या कोंबडीखाद्यात प्रतिजैविकं शिरली. रोग बरा करण्यासाठीची मात्रा ही नव्हे. रोग नसताना रोज थोडीथोडी, नुसती वाढीसाठी. आतड्यातली जंतूंची गर्दी कमी झाली, अस्तराची सूज उतरली, आतड्याची भिंत पातळ राहिली आणि वाचलेलं खाद्य मांसाकडं गेलं.

त्याची किंमत पुढं कळली. थोड्या मात्रेला जंतू सरावतात आणि तेच औषध माणसाला लागतं तेव्हा चालत नाही. स्वीडननं १९८६ मध्ये वाढीसाठीची प्रतिजैविकं बंद केली, संपूर्ण युरोपीय संघानं १ जानेवारी २००६ पासून. आपल्याकडं २०१४ मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेनं दिल्ली परिसरातले चिकनचे ७० नमुने तपासले. ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश निघाले. कोलिस्टिन हे दवाखान्यातलं अगदी शेवटच्या फळीचं औषध. जंतूंना त्यालाही दाद न देण्याची ताकद देणारं जनुक चीनमध्ये सापडल्याची बातमी २०१५ मध्ये आली, आणि जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारनं अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत आणि कोंबड्यांत कोलिस्टिन वापरायला बंदी केली. तोवर ते आपल्याकडं खाद्यपूरक म्हणून सर्रास विकलं जात होतं. हे असं एकेक औषध हातातून जात असताना त्या जागी काय ठेवायचं, या प्रश्नातून वनस्पतींच्या पुड्यांची बाजारपेठ उभी राहिली. म्हणजे आजीच्या बटव्याचं प्रेम उफाळून आलं म्हणून हे झालेलं नाही.

आता एकेक वनस्पती. सुरुवात ओव्यापासून करतो, कारण त्याचं काम समजायला सगळ्यात सोपं. ओव्याच्या तेलात थायमॉल भरपूर असतं. युरोपात थाइम आणि ओरेगॅनो या झुडपांपासून जे तेल काढून कोंबडीखाद्यात घालतात, त्यातलंही मुख्य द्रव्य थायमॉल आणि त्याचा भाऊबंद कार्व्हाक्रॉल हेच. ही द्रव्यं तेलकट असल्यामुळं जंतूच्या बाहेरच्या पापुद्र्यात मुरतात, पापुद्रा सैल पडतो आणि जंतूच्या आतलं क्षार-पाणी बाहेर झिरपायला लागतं. ई-कोलाय आणि आतड्याला व्रण पाडणारा क्लोस्ट्रिडियम यांना याचा त्रास होतो. शिवाय वासानं आणि तिखटपणानं पाचकरस जास्त सुटतात. महागडी परदेशी पुडी घेताना लेबलवर ‘थायमॉल’ दिसलं की आपल्या डब्यातला ओवा आठवावा. मात्र तेल ते तेल आणि दाणा तो दाणा. शुद्ध तेल टनाला १००-२०० ग्रॅम पुरतं. ओव्याच्या दाण्यात तेल दोन-चार टक्केच असतं, म्हणून पूड टनाला काही किलो लागते.

लसणाची गंमत अशी की अखंड पाकळीत कामाचं द्रव्य नसतंच. पाकळी ठेचली की तिच्यातली दोन द्रव्यं एकत्र येतात आणि तेव्हा अ‍ॅलिसिन तयार होतं, तोच तो झणझणीत वास. ते टिकत नाही. उकळलं तर जवळजवळ तयारच होत नाही. म्हणून लसूण घालून तास-तासभर उकळलेला काढा पाजणाऱ्यांनी इंधन आणि लसूण दोन्ही वाया घालवलेलं असतं. ठेचून थोडा वेळ ठेवायचा आणि ताजाच द्यायचा, एवढंच.

हळद आपल्याला जवळची, सांगलीची पेठही हाताशी. तिच्यातलं कुरकुमीन साधारण २ ते ५ टक्के. ते सूज उतरवतं, पेशींची झीज रोखतं, पित्त सुटायला मदत करतं. कुरकुमीन रक्तात फारसं शोषलं जात नाही, ही त्याची उणीव म्हणून माणसांच्या औषधांत काळी मिरी घालून ती भरून काढतात. कोंबडीत मला ही उणीव वाटत नाही. आपल्याला ते रक्तात नकोच आहे, आतड्याच्या अस्तरापाशी हवं आहे, आणि न शोषलेलं कुरकुमीन तिथंच राहतं. खरी काळजी भेसळीची घ्यायला हवी. पिवळेपणासाठी हळदीत शिशाचं रसायन मिसळल्याची उदाहरणं आहेत, आणि शिसं कोंबडीत साठतं, तिथून ताटात येतं. स्वस्त सुटी पूड घेण्यापेक्षा हळकुंड आणून दळलेलं बरं. ओलसर राहिलेल्या, बुरशी धरलेल्या हळकुंडांना हात लावू नये.

जाता जाता मिरचीचं. सोलापूरची शेंगाचटणी खाऊन पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी येतं ते कॅप्सेसिनमुळं. पक्ष्यांच्या मज्जातंतूंतला जळजळ टिपणारा ग्राहक कॅप्सेसिनला दाद देत नाही, त्यामुळं कोंबडी लाल तिखट शांतपणे खाते. खाद्यपूरकांत मिरचीचा अर्क बिनधास्त वापरता येतो तो याच कारणानं.

सोलापूरचं स्वतःचं असं काही या यादीत घालायचं तर ते डाळिंबाची साल. सांगोल्याकडचा भगवा देशभर जातो. शहराजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, २००५ पासूनचं. फळाच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग साल आणि आतला पांढरा पडदा. दाणे काढणाऱ्या, रस काढणाऱ्या उद्योगाकडं हा ढीग फुकट पडतो. सालीत प्युनिकॅलॅजिन नावाचं टॅनिन भरपूर असतं. टॅनिनचा स्वभाव प्रथिनाला चिकटायचा. थोड्या मात्रेत ते जंतूंच्या प्रथिनांना चिकटतं, हगवण आवरतं, विष्ठा घट्ट होते आणि शेडमध्ये अंथरलेलं लिटर कोरडं राहतं. पोट बिघडलं की डाळिंबाची साल उगाळून देण्यामागं हेच होतं. मात्रा वाढली की तेच टॅनिन खाद्यातल्या सोयाबीनच्या प्रथिनाला आणि पाचकरसांनाही चिकटतं, आणि वाढ खुंटते. लाल ज्वारी कोंबड्यांना का मानवत नाही, हे जुन्या लोकांना ठाऊक असतं. तिथंही टॅनिनच आडवं येतं, जात थोडी वेगळी इतकंच. आपल्या मालदांडीत ते जवळजवळ नसतं, पण मालदांडी कोंबडीला घालण्याइतकी स्वस्त कधीच नसते. सालीची पूड मी खाद्याच्या अर्ध्या टक्क्यापुढं नेणार नाही.

सालीबाबत आणखी एक अडचण आहे आणि ती सोलापुरातच जास्त आहे. तेल्या रोगासाठी डाळिंबावर वर्षानुवर्षं बोर्डो मिश्रण आणि स्ट्रेप्टोसायक्लिन फवारलं गेलं. बोर्डो म्हणजे तांबं. स्ट्रेप्टोसायक्लिन हे तर चक्क प्रतिजैविक. ज्या गोष्टीपासून सुटका म्हणून साल घालायची, तीच सालीवर बसून खाद्यात यायची. बागेच्या फवारणीची वही बघितल्याशिवाय साल घेऊ नये.

शेवग्याच्या वाळलेल्या पाल्यात पाव हिस्सा प्रथिन असतं म्हणून तो सोयाबीन पेंडीला पर्याय आहे, असं सांगणारे भेटतात. नाही. तंतू जास्त, आणि ५ टक्क्यांच्या वर गेलं की ब्रॉयलरची वाढ मागं पडायला लागते. एक-दोन टक्के घातला तर जीवनसत्त्वं मिळतात आणि पायांना पिवळा रंग चढतो, गिऱ्हाइकाला तो आवडतो. तितकंच.

खरा प्रश्न उन्हाळ्याचा. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांवर जातो. चार आठवड्यांच्या ब्रॉयलरला २१ ते २४ अंश मानवतं. कोंबडीला घर्मग्रंथी नाहीत. तिच्या अंगाचं तापमानच ४१ अंशांच्या आसपास, त्यामुळं बाहेरची हवा तितकीच तापली की अंगातली उष्णता बाहेर टाकायला धापेशिवाय मार्ग उरत नाही. धापेनं कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो आणि रक्त अल्कधर्मी होतं. त्याच वेळी उष्णता बाहेर फेकण्यासाठी रक्त कातडीकडं धाव घेतं आणि आतड्याला कमी पडतं. अस्तराच्या पेशींमधले सांधे सैल होतात, जंतूंचं विष त्या फटींतून रक्तात शिरतं, यकृतावर ताण येतो. उन्हाळ्यात मेलेला पक्षी फाडला तर कधी कधी मृत्यूचं कारण उष्माघात की आतडं, हे सांगणं अवघड जातं, ते यामुळं.

इथं आवळा कामाला येतो. कोंबडी क जीवनसत्त्व स्वतः तयार करते, माणसासारखं तिला ते बाहेरून घ्यावं लागत नाही. पण कडक उन्हात तिचं उत्पादन गरजेला पुरत नाही. आवळ्याची पूड, हळद, तुळस यांतली झीजरोधक द्रव्यं याच दिवसांत सर्वांत जास्त उपयोगी पडतात. थंडीत, चांगल्या चालवलेल्या शेडमध्ये हीच पूड घातली तर फरक दिसेलच असं नाही, कारण तिथं दुरुस्त करायला फारसं काही बिघडलेलं नसतं. एका शेतकऱ्याला गुण आला आणि शेजाऱ्याला आला नाही, असं होतं त्यामागं पुष्कळदा एवढंच असतं. अर्थात छपरावर पाचट नाही, फॉगर बंद, पाण्याची टाकी उन्हात, दुपारी भरलेली खाद्यभांडी समोर, आणि वर आवळ्याची पूड, असा प्रकार करू नये. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच खाद्य वर उचलणं आणि टाकीला ओलं पोतं गुंडाळणं हे फुकट आहे आणि पूड घालण्याच्या आधी करायचं आहे.

यकृतासाठीच्या ‘लिव्हर टॉनिक’च्या बाटल्यांत बहुधा काडेचिराईत, कुटकी, भुईआवळा असतात. ओला मका साठवून बुरशी धरली की अफ्लाटॉक्सिन तयार होतं आणि यकृत त्यानं पिवळं, मऊ पडतं. टॉनिक यकृताला उभारी देईल, पण खाद्यातलं विष बाहेर काढणार नाही. विष बांधणारं द्रव्य वेगळं मिळतं, आणि १३ टक्क्यांहून जास्त ओलाव्याचा मका न घेणं त्याहून चांगलं.

वनस्पती निवडली तरी ती पोटात नेमकी पोचवायची कशी, हा भाग बहुतेक माहितीपत्रकांत नसतो. कारखान्यात गोळी खाद्य तयार होताना त्याला ७५ ते ८५ अंशांची वाफ मिळते. सुगंधी तेलं त्यात उडून जातात, म्हणून कंपन्या तेलावर मेदाचं आवरण चढवतात. शेडवर भुकटी खाद्यात पूड मिसळायची तर थेट टनात पाच किलो ओतू नये. आधी पाच किलो मक्याच्या भरड्यात, मग ते वीस किलोंत, मग शंभरात, असं वाढवत न्यावं. नाहीतर एका पोत्यात हळदच हळद आणि दुसरं कोरं. पाण्यातून द्यायचं तर हळद विरघळत नाही, तळाशी बसते आणि निपलच्या नळीत गाळ धरते. काढ्यातला गूळ त्याहून वाईट. नळीच्या आतून जंतूंचा बुळबुळीत थर जमतो. काढा द्यायचाच तर गाळून, बेलच्या ड्रिंकरमध्ये, चार तासांत संपेल इतकाच, आणि नंतर नळ्या धुवायच्या. लासोटा किंवा गंबोरोची लस पाण्यातून द्यायच्या दिवशी, आणि त्याच्या आदल्या व दुसऱ्या दिवशी, पाण्यात दुसरं काहीही घालू नये. जंतूंना मारणारं द्रव्य लसीतल्या विषाणूलाही सोडेल याची खात्री नसते.

आता हिशेब. समजा ५,००० पक्ष्यांची बॅच आहे, ५ टक्के मर धरली तर ४,७५० पक्षी, सरासरी २.१ किलो, म्हणजे जवळपास १० टन जिवंत वजन. एफसीआर १.७० असेल तर १७ टन खाद्य. किलोला ५ ग्रॅम हळद घातली तर ८५ किलो हळद. हळद १५० रुपये किलो धरली तर पावणेतेरा हजार रुपये. एफसीआर १.६५ वर आला तर अर्धा टन खाद्य वाचेल. ४० रुपये दरानं वीस हजार. पण तो १.६८ वरच थांबला तर वाचलं फक्त २०० किलो, म्हणजे आठ हजार, आणि हळद अंगावर. म्हणून सगळ्या चाळीस दिवसांना पूड घालत बसण्यापेक्षा पहिले दहा दिवस आणि उन्हाच्या झळांचे दिवस, एवढ्यांनाच घालावी असं माझं मत. पहिल्या दहा दिवसांत पिल्लू पाव किलोच्या थोडंच वर खातं. ५,००० पिल्लांना सात किलोंच्या आसपास हळद पुरते, आणि रसांकुर वाढायचे दिवसही तेच.

करारावर पक्षी वाढवणाऱ्यांसाठी हा हिशेब आणखी बदलतो. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं. शेड, वीज, मजुरी, लिटर शेतकऱ्याचं. वाचलेलं खाद्य कंपनीचं वाचतं, शेतकऱ्याच्या हाती एफसीआरवरचा जो काही वाढीव ग्रोइंग चार्ज येतो तेवढाच. हळद मात्र त्याच्या खिशातून. शिवाय कंपनीच्या खाद्यात आधीच काय मिसळलेलं आहे हे त्याला ठाऊक नसतं. सुपरवायझरला न विचारता काही घालणं कराराच्या बाहेर जातं, आणि पुढं मर झाली तर बोट त्याच पुडीकडं दाखवलं जातं. अशा शेतकऱ्यानं परवानगी लेखी घ्यावी.

ज्याची स्वतःची बॅच आहे त्यानं कुणाच्या सांगण्यावर न जाता शेडमध्येच पडताळा घ्यावा. मधोमध जाळी लावून एकाच हॅचरीची पिल्लं दोन्हीकडं सारखी सोडायची, एका बाजूला पूड, दुसरीला नाही, आणि दोन्हीकडच्या खाद्याची पोती वेगळी मोजायची. आपली शेडं पूर्व-पश्चिम लांब असतात, त्यामुळं पश्चिमेकडच्या अर्ध्या भागाला दुपारनंतर जास्त ऊन लागतं. पुढच्या बॅचला बाजू बदलायच्या. वजन करताना चटकन हाती लागणारे पक्षी घेऊ नयेत, कारण सुस्त आणि जड तेच हाती लागतात. कोपऱ्यात जाळी टाकून अडकतील ते सगळे तोलायचे. दोन किलोंच्या कळपात पक्ष्या-पक्ष्यांत दोनशे ग्रॅमचा फरक सहज असतो, म्हणून दोन्हीकडचे पन्नास-पन्नास पक्षी तोलून सरासरीत ५०-६० ग्रॅमचा फरक दिसला तर तो नुसत्या योगायोगानंही आलेला असू शकतो. शंभर-शंभर तोला, आणि मेच्या बॅचमध्ये तोला.